गॅसवरचं टोस्ट सँडविच: ती चव नेमकी कशात होती?

सातवीच्या वर्गात उष्णतेचं वहन शिकवत होते. उदाहरण म्हणून घरातून एक वस्तू पिशवीत घालून नेली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन चौकोनी ताटल्या, एका बाजूने बिजागरीने जोडलेल्या, दोघींना लांब दांडे आणि टोकाला बंद करायची कडी. ती वर धरून विचारलं, "हे काय आहे, सांगा बघू?"

एक म्हणाला, वॅफलचं मशीन. एकीला वाटलं, केस सरळ करायचं जुन्या काळचं काहीतरी. वर्ग हसला. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "टीचर, हा सँडविचचा टोस्टर आहे. माझ्या अब्बांच्या गाडीवर असे चार आहेत."

त्या मुलाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याच्या उत्तराने मला थोडी शरम वाटली. पण आधी त्या टोस्टरबद्दल बोलू. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या, मुंबईत किंवा मुंबईच्या आसपास वाढलेल्या कुणालाही गॅसवर तापलेल्या या टोस्टरचा वास आला की पावलं थांबतात. हल्ली कॅफेत मिळणारं ग्रिल सँडविच महाग असतं, त्यात चीज भरपूर असतं, तरी खाऊन झाल्यावर बरेच जण म्हणतात, "ती पूर्वीची मजा नाही." हे नुसतं लहानपणाच्या आठवणींचं प्रेम आहे, की चवीत खरोखर फरक पडलाय? विज्ञान शिकवणारी बाई म्हणून मी याचं उत्तर शोधायचं ठरवलं. थोडक्यात सांगायचं तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण चवीतला फरक समजून घेतला, तर ती चव आजही घरी आणता येते.

शाळेच्या गेटवरचं दुकान

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी ते दृश्य सांगते. गुडघ्याच्या वर येईल एवढ्या स्टँडवर एक लाकडी फळी किंवा पत्र्याची पेटी. एका बाजूला ब्रेडची चळत, दुसऱ्या बाजूला उकडलेले बटाटे, उकडलेलं बीट, काकडी, टोमॅटो, कांदे रचून ठेवलेले. लोण्याचा डबा, हिरव्या चटणीचं भांडं, मसाल्याची डबी. बाजूला शेगडी किंवा छोटा गॅस, आणि त्यावर दोन-तीन टोस्टर एकाला एक चिकटून.

सँडविचवाला काकडी हातात धरूनच कापायचा. चकत्या इतक्या पातळ की आरपार दिसावं. दोन स्लाइसना लोणी, मग चटणी, मग भाज्यांचे थर, प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. वरची स्लाइस ठेवली की बाहेरूनही लोण्याचा हात फिरायचा. टोस्टरमध्ये घालून कडी लावायची आणि बाहेर आलेल्या ब्रेडच्या कडा सुरीने सर्रकन उडवायच्या. दोन-तीन मिनिटं आचेवर, मधे एकदा पालटायचं. उघडलं की सोनेरी-तपकिरी चौकोन. त्याचे सहा तुकडे, वर पुन्हा चटणी, बाजूला केचअप, आणि मागितली तर शेव.

आमच्या शाळेत सगळ्या घरांतली मुलं होती. डबा वाटून खाताना प्रत्येकाच्या घरचे नियम मधे यायचे. आमच्या डब्यातलं त्यांना चालायचं नाही, त्यांच्याकडचं कधी आम्हाला विचारून घ्यावं लागायचं. सँडविचच्या गाडीवर तो प्रश्न फारसा यायचा नाही. माझ्या जैन मैत्रिणीसाठी तो बटाटा, कांदा, बीट वगळून फक्त काकडी-टोमॅटो भरायचा. "जैन एक, रेग्युलर दोन" असं तो मोठ्याने म्हणायचा आणि आम्ही तिघी एकाच कागदावर वाकून खायचो. तेव्हा यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

हा पदार्थ आला कुठून?

सँडविच हे नाव इंग्लंडमधलं. अठराव्या शतकात जॉन माँटेग्यू नावाचे एक सरदार होते. सँडविच या गावावरून त्यांना 'अर्ल ऑफ सँडविच' ही पदवी होती. पावाच्या दोन कापांत मांस ठेवून खायची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पावात काहीतरी घालून खाणं जगात त्याआधीही होतंच. नाव मात्र त्यांचं लागलं.

टोस्ट सँडविचसाठी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सारख्या जाडीच्या स्लाइस. एक जाड, एक पातळ असेल तर टोस्टर नीट मिटत नाही. यंत्राने कापलेला ब्रेड पहिल्यांदा विकला गेला तो अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात, ७ जुलै १९२८ रोजी. यंत्र बनवलं होतं ऑटो रोहवेडर यांनी. आपल्याकडे १९६५ मध्ये केंद्र सरकारने 'मॉडर्न बेकरीज' ही कंपनी काढली आणि मेणकागदात गुंडाळलेला स्लाइस ब्रेड शहरी मध्यमवर्गाच्या घरात रुळला. हीच कंपनी २००० साली सरकारने हिंदुस्तान लीव्हरला विकली. मुंबईच्या सँडविचवाल्यांमध्ये मात्र 'विब्स'च्या ब्रेडचं नाव जास्त ऐकू यायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाव आणि ब्रेड हे आपल्या बोलण्यात वेगळे आहेत. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि तो भट्टीत भाजला जातो. मुंबईत पावाच्या भट्ट्या चालवणाऱ्यांत इराणी आणि उत्तर भारतातून आलेली मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. वडापाव, खिमापाव, मस्का-पाव हे सगळे त्या भट्टीचे नातेवाईक. टोस्ट सँडविच हे स्लाइस ब्रेडचं, म्हणजे कारखान्याचं अपत्य. पण त्याला मुंबईच्या रस्त्याने दत्तक घेतलं. चटणी, बीट, उकडलेला बटाटा आणि चाट मसाला घालून त्याचं रूप असं पालटलं की इंग्लंडच्या त्या सरदाराने ते ओळखलंही नसतं.

टोस्टरचीही जगभर भावंडं आहेत. युरोपात लांब दांड्यांच्या लोखंडी चिमट्यात वॅफल भाजायची रीत शेकडो वर्षं जुनी आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या बाँडायमधले डॉ. अर्नेस्ट स्मिदर्स यांनी १९४९ मध्ये अशाच साच्याचं पेटंट घेतलं. तिथे त्यातल्या सँडविचला 'जॅफल' म्हणतात, आणि आजही लोक सहलीला जाताना तो साचा शेकोटीवर ठेवायला नेतात. १९७४ मध्ये तिथल्याच ब्रेव्हिल कंपनीने विजेवर चालणारा सँडविच टोस्टर आणला आणि अनेक देशांत तो घरोघरी पोचला. म्हणजे 'आमच्या लहानपणीचं टोस्ट' म्हणून हळवी होणारी माणसं सिडनीतही आहेत आणि सायनलाही.

थर उगाच लावलेले नव्हते

सँडविचवाल्याने कधी पुस्तक वाचून सँडविच केलं नाही, पण त्याच्या प्रत्येक कृतीला कारण होतं.

पहिलं, लोणी. ते फक्त चवीसाठी नव्हतं. टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. स्निग्ध पदार्थ पाण्याला अडवतो. आधी लोणी लावलं की चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये झिरपत नाही. म्हणूनच तो लोणी अगदी कोपऱ्यापर्यंत फासायचा. आपण घरी घाईत मधोमध एक फराटा मारतो आणि मग कोपरे लिबलिबीत झाले म्हणून तक्रार करतो.

दुसरं, चटणी. कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, मीठ एवढ्यावर ती पातळ होते. बरेच सँडविचवाले त्यात वाटताना थोडी डाळ किंवा ब्रेडचा तुकडा घालायचे. त्याने चटणी दाट राहते आणि पाणी सोडत नाही.

तिसरं, बटाटा. तो कोरडा आणि पिठूळ असतो, त्यामुळे काकडी-टोमॅटोचा रस शोषून घेतो. म्हणून तो ओल्या भाज्यांच्या शेजारी लागतो. बीट उकडलेलं असल्याने गोडसर लागतं आणि हिरव्या चटणीच्या तिखटपणाला उतारा देतं.

चौथं, कापांची जाडी. टोस्टर आचेवर फक्त काही मिनिटं असतो. जाड काप असेल तर तो आतून थंडच राहतो. पातळ काप तेवढ्या वेळात गरम होतो, पण त्याचा करकरीतपणा जात नाही.

बंद टोस्टरच्या आत काय घडतं?

आता वर्गातला भाग. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा साधारण तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ज्योत मधोमध असली तरी टोस्टरची ताटली कोपऱ्यापर्यंत लवकर तापते. ब्रेड मात्र सच्छिद्र असतो, त्यात हवा असते, आणि हवा ही उष्णतेची मंद वाहक. म्हणजे बाहेर झपाट्याने तापतं, आत सावकाश.

ब्रेडच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही. पाणी उडून गेलं की तापमान चढतं, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे ब्रेडमधली प्रथिनं आणि साखर यांच्यात वेगाने प्रक्रिया होऊ लागते. लुई कॅमिल मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात. नाव अनोळखी वाटलं तरी ती आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. शीख कबाबाची बाहेरची खमंग साल, बिर्याणीवरचा तपकिरी तळलेला कांदा, तव्यावरच्या रोटीवरचे डाग या सगळ्यांत तिचा हात आहे. बाहेरून लावलेल्या लोण्यातला दुधाचा अंशही असाच तपकिरी होतो. रस्त्याच्या पलीकडे पोचणारा तो वास याचाच.

पण निम्मी कमाल आत घडते. टोस्टरची कडी लागली की ब्रेडच्या कडा दाबून जवळजवळ मिटतात. काकडी, टोमॅटो, बटाट्यातली वाफ बाहेर पडायला जागा शोधते, पण सहज पडत नाही. त्या वाफेवर आतला मसाला मुरतो. म्हणजे एकाच वेळी बाहेरून भाजणं आणि आतून वाफवणं. दम दिलेल्या बिर्याणीचं जे तत्त्व, तेच इथे छोट्या प्रमाणात. म्हणून पहिला घास कुरकुरीत लागतो आणि लगेच आतून गरम वाफ येऊन जीभ पोळते. आमच्यापैकी प्रत्येकाची पोळली आहे.

आता विजेच्या ग्रिलकडे बघा. त्याची वरची जड पाटी सँडविचला चपटं करते. उठावाच्या रेघा जिथे टेकतात तिथेच ब्रेड नीट भाजतो, मधली जागा फिकी राहते. चारही बाजू उघड्या असल्याने वाफ निघून जाते आणि भाज्यांचा रस दाबामुळे बाहेर येतो. ती कोरड भरून काढायला मग चीज लागतं. ग्रिल वाईट आहे असं मी म्हणत नाही. चीजसाठी तो उत्तम आहे. पण चटणी, बीट आणि काकडीचं जुनं सँडविच त्यात घातलं तर ते तसं लागणार नाही.

मायक्रोवेव्हची गोष्ट आणखी सोपी. तो मुख्यतः पदार्थातल्या पाण्याला तापवतो. भोवतालची हवा थंडच असते, त्यामुळे ब्रेडचा पृष्ठभाग कोरडा होऊन तपकिरी होतच नाही. उलट वाफ बाहेर येताना ब्रेड ओला करते आणि थंड झाल्यावर तो चामड्यासारखा चिवट होतो. विमानतळावर, मॉलमध्ये पाकिटातून काढून गरम करून दिलेलं सँडविच महाग असूनही निराश का करतं, त्याचं उत्तर हे आहे.

कोळसा गेला म्हणून चव गेली?

अनेकजण सांगतात, "ती चव कोळशाची होती." आठवण म्हणून ठीक आहे, पण टोस्टरच्या बाबतीत हे फारसं पटत नाही. कबाब उघड्या निखाऱ्यावर असतो, त्याची चरबी निखाऱ्यावर पडते, धूर उठतो आणि कबाबाला लागतो. सँडविच मात्र दोन ताटल्यांमध्ये बंद असतं. धुराला आत शिरायला वाव फारच कमी. कोळशाने दिली ती मंद, एकसारखी आच. तशी आच गॅसच्या मध्यम ज्योतीवरही मिळते.

हे सांगायचं कारण असं की कोळसा आता परत येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश दिला. भट्टीवाल्यांसाठी हा बदल खर्चिक आहे आणि त्यांची अडचण खरी आहे. दमा असलेली मुलंही माझ्या वर्गात आहेत, त्यांचीही अडचण खरी आहे. टोस्ट सँडविचपुरतं बोलायचं तर इंधन बदललं म्हणून आपलं काही हरवलेलं नाही. बंद टोस्टर आणि उघडी ज्योत एवढं शाबूत राहिलं म्हणजे पुरे.

घरचा खिमा टोस्ट

आमच्या घरात हा टोस्टर अम्मीने आणला तो सँडविचवाल्याचं बघून, पण त्याचा खरा वापर झाला उरलेल्या खिम्यासाठी. बकरी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात खिमा असायचाच आणि तोच तो पाहून मुलं नाक मुरडायची. अम्मी तो कोरडा करून ब्रेडमध्ये भरायची आणि टोस्टरमध्ये दाबायची. काल नको म्हणणारी मुलं आज ओट्याजवळ रांग लावायची. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावरही तो असायचा. तळलेल्या समोशांच्या मानाने तेल कमी लागायचं, आणि अस्रनंतरच्या घाईत झटपट व्हायचं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर माझे अनुभवाचे चार शब्द:

- खिमा कढईत पुन्हा परतून पूर्ण कोरडा करा. रस्सा राहिला तर ब्रेड फाटतो आणि गॅसवर गळतो. फार ओला असेल तर उकडलेला बटाटा कुस्करून मिसळा.
- भरताना खिमा गार किंवा कोमट असू द्या. वर थोडी कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू.
- सारण मधे ठेवा, कडेला बोटभर जागा सोडा. म्हणजे कडा नीट मिटतील.
- ब्रेड एक दिवसाचा असेल तर उत्तम. अगदी ताजा ब्रेड दबून चिकट होतो.
- लोणी बाहेरून पातळ आणि सगळीकडे लावा. जिथे लोणी नाही तिथे ब्रेड टोस्टरला चिकटतो.
- आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर बाहेरून काळं आणि आतून गार, असं हमखास होतं. एका बाजूला दीड-दोन मिनिटं, मग पालटा. अधूनमधून कडी सोडून डोकावून बघायला हरकत नाही.
- दांडे तापतात. लहान मुलांच्या हाती टोस्टर देऊ नका आणि हाताशी फडकं ठेवा.

भाजीचं करायचं असेल तर वर सांगितलेला थरांचा क्रम पाळा. चीज घालायचं असेल तर किसून, अगदी थोडं. पाकिटावर हिरवं चिन्ह आहे का तेवढं पाहून घ्या, म्हणजे सगळ्या प्रकारच्या पाहुण्यांना निर्धास्त वाढता येतं. हे टोस्टर भांड्यांच्या बाजारात, स्टोव्ह-कुकरच्या दुकानांत अजूनही काहीशे रुपयांत मिळतात. नवा आणल्यावर धुऊन, तेलाचा हात लावून, एक-दोन स्लाइस नुसत्याच भाजून टाका. मग तो चिकटत नाही.

गाडी कुठे गेली?

आता त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाबद्दल.

काही महिन्यांपूर्वी शाळेच्या गेटसमोर रिक्षा, दुचाक्या आणि खाऊच्या गाड्या यांची इतकी गर्दी व्हायची की सुटण्याच्या वेळी पहिलीतली पोरं रस्त्यात अडकायची. एकदा एका मुलीला दुचाकीचा धक्का लागला. थोडक्यात निभावलं. त्यानंतर सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेऊन अर्ज गेला, की गेटसमोरच्या गाड्या हलवाव्यात. मीही सही केली. गाड्या हलल्या. वर्गात टोस्टर दाखवला त्या दिवशी मला कळलं, की त्यातली एक गाडी या मुलाच्या अब्बांची होती.

सही करताना मी चूक केली असं मला वाटत नाही. मुलांचा जीव आधी. नियमही तसाच आहे. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात शाळा, रुग्णालयं आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत विक्री नको, अशी अट घातली होती. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती पुन्हा अधोरेखित केली. शिवाय २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे.

पण माझी चूक वेगळी होती. गाडी हलवा असं लिहिताना, ती कुठे जाईल हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही. दुचाक्या त्याच जागी पुन्हा उभ्या राहू लागल्या. सँडविचवाला मात्र आतल्या गल्लीत गेला, जिथे संध्याकाळी फारसं कुणी जात नाही. मुलाने वर्गात तक्रार केली नाही. त्याने फक्त टोस्टर ओळखला.

कायदा फेरीवाल्याला फक्त हटवत नाही, हेही आपण समजून घ्यायला हवं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, त्यांना विक्री प्रमाणपत्र आणि ठरलेल्या जागा मिळायला हव्यात. हे ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, अशी तरतूद आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून विक्रेत्यांना तारणाशिवाय खेळतं भांडवल मिळतं, आणि वेळेत फेडलं की पुढचं मोठं कर्ज मिळतं. आपल्या ओळखीत, नात्यात, मोहल्ल्यात कुणाची गाडी असेल तर त्यांना ही माहिती द्या. अर्ज भरायला मदत करा. फॉर्म भरता येणं आपल्याला किरकोळ वाटतं, पण त्यांचा सगळा धंदा कधीकधी तिथेच अडतो.

आपल्या हातात काय आहे?

मी त्या मुलाच्या अब्बांना भेटले. आधी ते संकोचले, "टीचर, पोराने काही केलं का?" असं विचारत हात पुसू लागले. मी म्हटलं, नाही भाईजान, एक साधं टोस्ट द्या. त्यांनी बीटची चकती हातावरच कापली, पूर्वीसारखीच. पैसे घेत नव्हते, ते मी बळेच दिले. खाताना जीभ पोळली.

नंतर आम्ही शिक्षकांनी दोन गोष्टी केल्या. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी दीडशे सँडविचची ऑर्डर त्यांना दिली. अट एकच: वर्तमानपत्राच्या कागदावर नाही, साध्या कागदी प्लेटमध्ये द्यायची, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही याबद्दल इशारा दिलेला आहे. आणि पालकसभेत सांगितलं की गाडी आता कोणत्या गल्लीत असते. एवढंच. मोठं काही नाही. धंदा पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही, पण संध्याकाळी त्या गल्लीत आता चार माणसं दिसतात.

आपण जुन्या चवींबद्दल हळहळतो, फॉरवर्ड करतो, "काय दिवस होते" म्हणतो. टोस्ट सँडविचच्या बाबतीत हळहळायची गरज कमी आहे. त्याची चव कुठल्या हरवलेल्या मसाल्यात नव्हती. बंद अ‍ॅल्युमिनियमचा टोस्टर, मध्यम ज्योत, कोपऱ्यापर्यंत लावलेलं लोणी आणि पातळ कापलेली काकडी यांत ती होती. हे सगळं आजही मिळतं. राहिला तो ते करणारा माणूस. तो तुमच्याही शाळेच्या, स्टेशनच्या, मशिदीच्या आसपासच्या एखाद्या गल्लीत उभा असेल. पुढच्या वेळी मुलांना घेऊन तिथे जा आणि ग्रिल नको, साधं टोस्ट मागा. मुलांना टोस्टर दाखवा, आत काय घडतं ते सांगा.

वर्गात मी त्या मुलालाच पुढे बोलावलं होतं. टोस्टर कसा पालटायचा, कडी कशी लावायची, आच किती ठेवायची, हे त्याने फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. उष्णतेच्या वहनाचा धडा त्या दिवशी त्याने शिकवला.